वाचक विचारतात : कोणता चाफा, कोणते कर्जत

या महिन्यात आलेली पत्रे लावताना लक्षात आले की त्यांतली पाच पत्रे एकाच अडचणीची आहेत. चाफा, जिरे, गाव, मासा आणि आडनाव असे विषय निरनिराळे आहेत. पण प्रत्येक पत्रलेखक एका नावाच्या भरवशावर गेला आणि त्या नावाने भलतेच काहीतरी त्याच्यापुढे आणून उभे केले. म्हणून इतर पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळची सगळी जागा या पाचांनाच दिली आहे.

प्रश्न : आईच्या माहेरी परसात चाफा होता आणि त्याच्या पिवळ्या फुलांची आठवण ती अजूनही काढते. तिच्या पंच्याहत्तरीला भेट म्हणून मी एका रोपवाटिकेला फोन करून चाफ्याचे रोप मागवले. आले ते अंगठ्याएवढे जाड, एकही पान नसलेले, कापलेल्या जागी चीक वाळलेले एक खुंट. तक्रार केली, तेव्हा ‘हाही चाफाच आहे’ असे उत्तर मिळाले. मग खरा चाफा कोणता?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : रोपवाटिकेने आपल्याला फसवलेले नाही. ‘कोणता चाफा?’ एवढे एक वाक्य विचारायचे तिच्याकडून राहिले आणि सांगायचे आपल्याकडून. आपल्या हाती आलेला तो पांढरा चाफा; काही ठिकाणी त्याला खुरचाफा किंवा देवचाफा म्हणतात. आईच्या आठवणीतला आहे तो सोनचाफा. या दोघांत नाव आणि सुवास सोडला तर जवळपास काहीच समान नाही.

सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या कुळातला उंच वाढणारा वृक्ष आहे. त्याच्या अरुंद, पिवळ्या-केशरी पाकळ्या पाचापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि कळी मऊ लव असलेल्या आवरणातून बाहेर येते. संस्कृतातला चंपक तो हाच. लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन पदी नावे दिली, तेव्हा या झाडाच्या नावात त्याने ‘चंपाका’ हा आपलाच शब्द घातला. पुढे त्याचे पहिले पद बदलून ‘मायकेलिया’चे ‘मॅग्नोलिया’ झाले, तरी दुसरे पद अजून टिकून आहे. त्यामुळे नावावर पहिला हक्क कोणाचा, असे विचारले तर सोनचाफ्याचा, हे निःशंकपणे सांगता येते.

पांढरा चाफा मुळात या देशाचा नाहीच. तो उष्ण कटिबंधातील अमेरिकेतून, म्हणजे मेक्सिको आणि कॅरिबियनच्या बाजूने, समुद्रमार्गाने इकडे आला. देवळाच्या आवारात, समाधीशेजारी, वाड्याच्या चौकात तो इतका रुळला आहे की त्याला परका म्हणताना जीभ अडखळते. त्याचे कूळ कण्हेर, तगर आणि सदाफुली यांचे. फांदी मोडून पाहा, लगेच पांढरा चीक येईल. सोनचाफ्याची डहाळी मोडली तर असा चीक येत नाही. पुन्हा फोन करण्याआधी ओळख पटवायला ही एक खूण पुरेशी आहे. थंडीत पाने झडून तो बोडका होतो आणि त्याच्या बोथट फांद्या हरणाच्या शिंगांसारख्या दिसतात. आपल्याकडे आलेले खुंट म्हणूनच ‘वाळलेले’ वाटले असणार. ते मेलेले नाही.

पण प्रकरण या दोघांवर संपत नाही. हिरवा चाफा हा सीताफळाच्या कुळातला, आकड्यांच्या आधाराने वर चढणारा वेल आहे. त्याचे फूल उमलते तेव्हा पानांसारखेच हिरवे असल्याने दिसतही नाही. ते पिवळे पडू लागले की पिकल्या फळासारखा वास सुटतो आणि माणूस फूल डोळ्यांनी नव्हे, नाकाने शोधतो. फुलाचा देठच वळून आकडा बनतो, हे एकदा जवळून पाहावे. भुईचाफा तर झाडही नाही. आले आणि हळद यांच्या कुळातला हा कंद उन्हाळ्यात पान फुटण्याआधीच जमिनीतून थेट फूल वर काढतो, त्यामुळे कोणीतरी फुले मातीत खोचून ठेवल्यासारखी दिसतात. नागचाफा म्हणजे नागकेशराचा वृक्ष. त्याचे लाकूड इतके कठीण की शास्त्रीय नावातच ‘लोखंडी’ या अर्थाचा शब्द बसला आहे. सुलतान चाफा म्हणतात तो कोकणच्या किनाऱ्यावरची उंडी, जिच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यांत जळत असे. कनकचंपा म्हणजे मुचकुंद. या सगळ्या मंडळीत सोनचाफ्याचा खराखुरा भाऊबंद निघतो तो एकटा कवठी चाफा. तोही मॅग्नोलियाच आहे आणि त्याचा वास पिकलेल्या कवठासारखा येतो.

एवढ्या वेगळ्या झाडांना एकच नाव का पडले असावे? माझे मत असे की आपल्याकडे फुलाला नाव मिळाले ते नाकाने आणि देवघराने दिलेले. सुवासिक, जाडसर पाकळ्यांचे, देवाला वाहता येईल असे नवे फूल दारी आले की लोकांनी त्याला ओळखीच्या फुलाचे नाव देऊन घरात घेतले आणि फरक सांगण्यापुरते पुढे सोन, नाग, भुई, हिरवा असे एक पद जोडले. आईच्या माहेरी परसात एकच चाफा होता. तिथे नुसते ‘चाफा’ म्हटले की भागत असे. रोप परसातून निघून बाजारात आले की मात्र ते पुढचे पद सोडून चालत नाही.

हीच गोष्ट औषधी वनस्पतींच्या बाबतीत जास्त जपावी लागते. आयुर्वेदाचे अभ्यासक अशा द्रव्यांना ‘संदिग्ध द्रव्ये’ म्हणतात. आपल्याकडे कुंडीत ‘ब्राह्मी’ म्हणून लावली जाते ती बहुधा मंडूकपर्णी असते. तिची पाने मूत्रपिंडाच्या आकाराची, लांब देठांची असतात आणि खोड जमिनीवर धावत जाते. दुसरी, जलब्राह्मी, ओलसर जागी वाढते. तिची पाने बारीक, जाड आणि रसाळ असतात आणि फुले फिकट जांभळी-पांढरी. शंखपुष्पी म्हणून उत्तरेत एक वेल दिला जातो, तर केरळात आपली गोकर्णच त्या नावाने वापरात आहे. घरच्या घरी काढा करणाऱ्यांनी नावावर विसंबू नये. पान वैद्यांना दाखवून घ्यावे.

आता आपल्या आईच्या भेटीविषयी. ‘कलमी सोनचाफा’ असे स्पष्ट सांगून रोप मागवा, कारण बीपासून केलेले रोप फुलावर यायला बरीच वर्षे घेते आणि पंच्याहत्तरीच्या भेटीला तेवढा धीर धरणे बरे नाही. आलेले खुंटही परत पाठवू नका. चीक पूर्ण सुकेपर्यंत ते आठवडाभर सावलीत ठेवा, मग निचऱ्याच्या मातीत लावा आणि पाणी बेताने द्या. एकाच अंगणात दोन्ही चाफे झाले की कोणता म्हणजे कोणता, हे घरातल्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

प्रश्न : मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर दिल्लीत आले. एका हिंदी पाककृतीत पुलावासाठी ‘काला जीरा’ सांगितले होते. सासूबाईंनी गावाहून दिलेल्या औषधांच्या डब्यात ‘काळे जिरे’ अशी चिठ्ठी लावलेली पुडी होती, ती फोडून दोन चमचे घातले. पुलाव इतका कडू झाला की टाकून द्यावा लागला. जिरे खराब झाले होते का?
— एक वाचिका, नवी दिल्ली

उत्तर : जिरे उत्तम होते, फक्त ते जिरे नव्हते. मराठीत काळे जिरे म्हटले की पुष्कळ घरांत कडू जिरे समजले जाते. ते सूर्यफुलाच्या कुळातल्या एका रोपाचे बी आहे आणि त्याची जागा पोटातल्या जंतांवरच्या औषधांत, फोडणीत नव्हे. सासूबाईंनी ते औषधांच्या डब्यात ठेवले होते, ती खूण आपण पाहिली असती तर तांदूळ वाचले असते. हिंदीतले काला जीरा म्हणजे आपले शहाजिरे. ते साध्या जिऱ्याच्या आणि कोथिंबिरीच्या कुळातले. गंमत अशी की हीच मागणी आपण कोलकात्यात केली असती तर दुकानदाराने तिसरीच वस्तू पुढ्यात ठेवली असती, कारण बंगालीत ‘कालो जिरे’ म्हणजे कलौंजी. तीन भाषांत शब्द तेच, अर्थही शब्दशः तोच, आणि वनस्पती तीन, तिन्ही वेगळ्या कुळांतल्या. कलौंजीला पुष्कळ जण कांद्याचे बी म्हणतात. तिचा कांद्याशी काहीही संबंध नाही.

पुडीवरची चिठ्ठी वाचण्याऐवजी दाणे तळहातावर घेऊन पाहावेत. शहाजिरे बारीक, किंचित बाकदार, तपकिरी आणि अंगावर उभ्या रेघा असलेले असते, आणि चोळले की गोडसर, मातकट सुगंध येतो. कलौंजी निस्तेज काळी आणि टोकेरी, कोन असलेली असते. कडू जिरे गडद, रेघांचे आणि जरा जाडसर. एक दाणा जिभेवर ठेवला की निकाल लागतो. आणि आपल्या सोलापूरकडच्या चटणीतले कारळे काळे, गुळगुळीत, चकचकीत आणि लांबट असते. त्याला काही भागांत खुरासणी म्हणतात आणि तेही सूर्यफुलाच्याच कुळातले आहे. काळे दिसते म्हणून त्यालाही कधी कोणी ‘काळे जिरे’ म्हणून देतो, तेव्हा सावध असावे.

मसाल्याच्या डब्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गोड्या मसाल्यात घालतो त्या नागकेशराची हीच कथा आहे. खरे नागकेशर वर सांगितलेल्या नागचाफ्याच्या फुलातले. पण बाजारात लाल नागकेशर म्हणून मिळतात त्या बहुधा कोकणातल्या सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्या असतात आणि काळे नागकेशर म्हणून मिळतात ती दालचिनीच्या गोतावळ्यातल्या झाडांची कोवळी फळे. आपल्या आजीच्या मसाल्याची चव ज्या नागकेशराने आली असेल तेच आपल्या घराचे नागकेशर समजावे, असे मला वाटते. मसाल्यापुरती शुद्धतेची चौकशी त्यापुढे नेण्यात अर्थ नाही. औषधात मात्र ती केलीच पाहिजे.

प्रश्न : माझ्या मुलाचे लग्न आमच्या गावी, कर्जतला होते. पत्रिकेवर ‘मु. पो. कर्जत’ एवढेच छापले. मुंबईचे चार पाहुणे लोकल पकडून रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला उतरले आणि तिथे मंगल कार्यालय शोधत फिरले. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात. महाराष्ट्रात एकाच नावाची इतकी गावे का? सरकारने ती बदलू नयेत का?
— एक वाचक, कर्जत (जि. अहिल्यानगर)

उत्तर : पाहुण्यांचा दोष थोडा आणि पत्रिकेचा जास्त, असे म्हणावे लागेल, कारण मुंबईकराला कर्जत म्हटले की घाटाच्या पायथ्याचे स्टेशनच आठवते. आपले कर्जतही तालुक्याचे गाव, तेही तालुक्याचे गाव. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या नावापुढे माघार घ्यावी असे कारण नाही.

एका नावाची गावे इतकी का, याचे उत्तर नावे कशी पडली यात आहे. गाव वसले तेव्हा तिथे वड होता म्हणून ते वडगाव, पिंपळ होता म्हणून पिंपळगाव, आंबा होता म्हणून आंबेगाव. वड आणि पिंपळ काही एकाच जिल्ह्यात उगवत नाहीत. नाव ठेवणाऱ्यांना चार-पाच कोसांपलीकडच्या वडगावाशी काही देणेघेणे नव्हते. आठवड्याच्या बाजाराला जितक्या लांबून माणूस येत असे, तितक्या टापूत एकच वडगाव असले की काम होत असे. आणि जिथे एका टापूतच दोन झाली, तिथे लोकांनी लगेच तोडगा काढला. फारसीतल्या ‘बुजुर्ग’चे आपल्याकडे बुद्रुक झाले आणि ‘खुर्द’ तसेच राहिले : थोरले गाव बुद्रुक, धाकटे खुर्द. एका वस्तीतून दुसरी फुटून निघाली की हे जोडनाव लागे. आज मात्र त्यावरून लोकसंख्येचा अंदाज बांधू नये. शहराने गिळलेल्या पट्ट्यात खुर्द आणि बुद्रुक यांच्यामधली सीमा म्हणजे पुष्कळदा केवळ एक सिग्नल असतो.

दुसरा तोडगा प्रदेशाचे, देवाचे, समाजाचे किंवा घराण्याचे नाव जोडण्याचा. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांना मराठ्यांशी तह करावा लागला ते वडगाव मावळातले. कोल्हापूर जिल्ह्यातले ते पेठ वडगाव. पुण्याच्या पूर्वेला वडगाव शेरी, तर सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक. नाशिकचे पिंपळगाव बसवंत, जळगावचे पिंपळगाव हरेश्वर. विदर्भात वाशिम जिल्ह्यातले कारंजा लाड, वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे. शिरूर या नावाचे तर तीन तालुके आहेत. बीडचा शिरूर कासार आणि लातूरचा शिरूर अनंतपाळ यांनी जोडनाव लावून घेतले, पुण्याचा नुसताच शिरूर राहिला. जुनी माणसे त्या गावाला घोडनदी म्हणत, म्हणून त्याला वेगळी ओळख लावून घ्यायची गरज वाटली नसावी. कळंब धाराशिवला आहे आणि यवतमाळलाही, सेलू परभणीला आणि वर्ध्यालाही, आष्टी बीडला आणि वर्ध्यालाही, मालेगाव नाशिकला आणि वाशिमलाही. खेडची गोष्ट जरा निराळी. पुणे जिल्ह्यातल्या खेडला १९०८ मध्ये शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म झाला आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या गावाचे राजगुरुनगर झाले. पण तालुक्याचे नाव आजही खेडच आहे, आणि कोकण रेल्वेने जायचे ते खेड रत्नागिरी जिल्ह्यातले.

नावे बदलून हा गुंता सुटेल असे मला वाटत नाही, कारण बदललेले नाव कागदावर चालते आणि जुने नाव एस.टी.च्या गर्दीत. हे काम नावाला हात न लावता करण्याची युक्ती टपाल खात्याने काढली. संपर्क मंत्रालयात अधिकारी असलेले आणि संस्कृतात काव्य करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे पिनकोडचे जनक. सारखी गावनावे, अर्धवट पत्ते आणि निरनिराळ्या लिपींतली पत्रे यांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा हा क्रमांक सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय दाखवतात. रायगडच्या कर्जतचा पिनकोड ४१०२०१, आपल्या कर्जतचा ४१४४०२. पहिले दोन आकडे सारखे आहेत. वाट फुटते ती तिसऱ्या आकड्यापाशी. आपण पत्रिकेवर ‘मु. पो.’च्या पुढे तालुका, जिल्हा आणि हा क्रमांक छापला असता तर चार माणसे अक्षता टाकायला वेळेत पोहोचली असती. फोनवरच्या नकाशावरही केवळ गावाचे नाव देऊ नका. शोधणारा जिथे असेल तिथून जवळचे गाव तो आधी पुढे करतो, आणि मुंबईतून जवळचे कर्जत कोणते, हे सांगायला नको.

क्रमांकाने गुंता सुटतो, तसा तो क्रमांकानेच होतोही. मुंबईच्या दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेंची स्टेशने शेजारी शेजारी, दोघांचेही नाव दादर आणि दोन्हीकडे फलाट क्रमांक १ पासून सुरू होत असत. ‘दादरला चार नंबरवर भेट’ एवढ्यावर कित्येकांनी दोन वेगवेगळ्या फलाटांवर एकमेकांची वाट पाहिली असेल. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपले फलाट ८ ते १४ असे पुढे मोजायला घेतले आणि तो प्रश्न मिटला. नाव मात्र दोघांचेही दादरच राहिले.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या घरी सगळे शाकाहारी आहेत. बाबांचे मालवणचे मित्र फोनवर म्हणाले, ‘येताना हलवा घेऊन येतो.’ आम्ही भावंडे वाट पाहत बसलो आणि डब्यातून मासा निघाला! माशाला हलवा का म्हणतात?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुझी निराशा समजते, पण काकांनी शब्द पाळला. हलवा हा अरबीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ गोड पदार्थ. गाजराचा किंवा दुधीचा हलवा हा त्यातला एक. संक्रांतीला तिळावर किंवा खसखशीवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने चढवून काटे आणलेला हलवा हा दुसरा. नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला त्याचेच दागिने घालतात. तिसरा म्हणजे तुमच्या डब्यातला. किनाऱ्यावर हलवा म्हणजे चपटा, गडद रंगाचा, जाड अंगाचा मासा. इंग्रजीत त्याला काळे पापलेट म्हणतात, पण शास्त्रज्ञ त्याला पापलेटांच्या कुळात ठेवत नाहीत. खरे पापलेट चंदेरी असते. मालवणकडे त्याला सरंगा म्हणतात आणि २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाले. मालवणात कोणालाही ‘कोणता हलवा?’ असे विचारावे लागत नाही, नागपुरातही नाही. प्रश्न येतो तो डबा मालवणहून नागपूरला निघाला की. पुढच्या वेळी काकांना ‘गोड की तिखट?’ एवढे विचारून ठेव.

प्रश्न : आमचे आडनाव वडगावकर. मुलीला एक स्थळ सांगून आले, मुलगा चांगला, दोघांचीही पसंती आहे. पण त्यांचेही आडनाव वडगावकरच. घरातले वडीलधारे म्हणतात, ‘आडनाव एक म्हणजे भाऊबंद, हे लग्न होऊ शकत नाही.’ काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वर कर्जतच्या वाचकांना दिलेले उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे. महाराष्ट्रात वडगावे असंख्य आहेत आणि प्रत्येकातून निघालेला माणूस वडगावकर होऊ शकतो. ‘कर’ जोडलेल्या आडनावाचा एक विशेष असा की ते गाव सोडल्यावरच कामाला येते. वडगावात राहणाऱ्याला वडगावकर म्हणून कोण हाक मारणार, तिथे तर सगळेच वडगावचे. तो माणूस पुण्याला, साताऱ्याला किंवा गोव्यातून निघून मुंबईला गेला की नव्या शेजाऱ्यांनी त्याला त्याच्या गावाने ओळखायला सुरुवात केली. त्यामुळे असे आडनाव माणूस कोठून निघाला तेवढेच सांगते. तो कोणाचा, हे सांगत नाही. एकाच वडगावातून निघालेली दोन घराणीही परस्परांशी रक्ताचे नाते नसताना हेच आडनाव लावताना दिसतात. जाता जाता, हा प्रत्यय वगळला तरी ‘कर’ एकटा नाही : हात, किरण, सरकारला भरावयाचा पैसा आणि संक्रांतीनंतरचा दिवस, हे सगळे ‘कर’च.

कायद्याचे म्हणाल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आडनाव किंवा गोत्र एक असणे हा लग्नाला अडथळा नाही. पाहिले जाते ते सपिंड नाते, म्हणजे वडिलांच्या बाजूने पाच आणि आईच्या बाजूने तीन पिढ्यांपर्यंतचा समान पूर्वज, आणि कायद्याने निषिद्ध ठरवलेली जवळची नाती. वडीलधाऱ्यांचे समाधान कायद्याच्या कलमाने होणार नाही, हे मलाही कळते. त्यांच्यासाठी चौकशी त्यांच्याच पद्धतीने करावी. मूळ वडगाव कोणते, ते तालुका आणि जिल्ह्यासह विचारावे. देवक कोणते, कुलदैवत कोणते हे विचारावे. आणि दोन्ही घरांनी ‘खंडोबा’ असे उत्तर दिले तर तिथेही थांबू नये. जेजुरीचा, सातारा जिल्ह्यातल्या पालीचा, नळदुर्गचा की नांदेडकडच्या माळेगावचा, हे विचारावे. देव एकच असला तरी जत्रेला कोण कुठे जाते, यावरून घराण्याची जुनी वाट बहुधा सापडते. जमिनीचा जुना उतारा किंवा तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वहीतली नोंद हाती लागली तर आणखी उत्तम.

एक घर पेठ वडगावचे आणि दुसरे मावळातले निघाले, तर वडीलधाऱ्यांचा आक्षेप आपोआप गळून पडेल. मग पत्रिका छापताना दोन्ही बाजूंच्या ‘वडगावकर’ या नावांखाली तालुका आणि जिल्हा ठळक अक्षरांत घ्या, म्हणजे पाहुण्यांना आहेर कोणत्या वडगावकरांच्या हातात द्यायचा, हे विचारत मांडवभर फिरावे लागणार नाही.